लाल टोपीवालीला वाचवतं कोण? एकच परीकथा सत्रभर शिकवावी का?

बालाघाटी (अंबाजोगाई):

नव्या आराखड्यात पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा एक छोटा पेपर आमचा आम्हीच ठरवायचा आहे. मी विषय मांडला: एकच जुनी परीकथा घ्यायची आणि पुस्तक, चित्र, रेडिओ, कार्टून, सिनेमा असं फिरताना तिचं काय काय होतं ते सत्रभर बघायचं. गोष्ट निवडली लाल टोपीवाल्या मुलीची. स्टाफरूममध्ये लगेच दोन आवाज उठले. एक, "विशीतल्या पोरांना बालवाडीची गोष्ट?" दुसरा, "आपल्या गोष्टी काय संपल्या?" हे दोन्ही इथंही येणार. म्हणून आधी माझी बाजू मांडतो, मग खुशाल तुटून पडा.

ही गोष्ट आपल्याला येते असं प्रत्येकाला वाटतं. टोपली, जंगल, लांडगा, आजीचे मोठे मोठे दात, शिकारी, संपलं. पण शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ साली पॅरिसला ती छापली तेव्हा तीत शिकारी नाहीच. लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, पडदा. खाली पद्यात तात्पर्य जोडलंय: सगळेच लांडगे गुरगुरत येत नाहीत, काही गोडबोले असतात, पोरींच्या मागं थेट घरात शिरतात, आणि सगळ्यांत घातक तेच. शिकारी आला तो जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात, १८१२ ला. तो कात्रीनं लांडग्याचं पोट कापतो आणि दोघी जिवंत बाहेर येतात. तिसरा नमुना फ्रान्समधल्याच निएव्र भागातला. आशिल मिलिएँ या संग्राहकानं १८८५ च्या आसपास तो तोंडी ऐकून उतरवला. त्यात ना लाल टोपी, ना शिकारी. अर्धा माणूस अर्धा लांडगा असा प्राणी आजीच्या अंथरुणात पडलेला. मुलगी म्हणते, मला बाहेर जायचंय. तो म्हणतो, इथंच उरक. ती हट्ट सोडत नाही, तेव्हा तो तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून बाहेर सोडतो. ती अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाला तो दोर बांधते आणि घराकडं धूम ठोकते. हा आत पडल्या पडल्या ओरडतोय, "झालं का नाही अजून?"

म्हणजे एकदा कुणीच वाचवत नाही, एकदा गडीमाणूस वाचवतो, एकदा ती स्वतःच निसटते. पुढं १९३९ ला अमेरिकेत जेम्स थर्बर या विनोदी लेखकानं तिच्या टोपलीत पिस्तूल ठेवलं. १९४३ ला एमजीएमच्या कार्टूनमध्ये टेक्स एव्हरीनं पात्रांनाच बंड करायला लावलं. तेच ते करून वैतागलेले लांडगा, मुलगी आणि आजी निवेदकावर उखडतात, गोष्ट हॉलिवूडच्या नाइटक्लबात नव्यानं सुरू होते आणि शेवटी आजीच लांडग्याच्या मागं लागते.

मला वर्गात एकच प्रश्न धरून जायचंय: मुलीला वाचवतं कोण, आणि दोष कुणाच्या माथी जातो? पेरोच्या गोष्टीत आई पोरीला एका शब्दानं बजावत नाही. ग्रिमच्या गोष्टीत बजावते, पण काय? रस्ता सोडू नको, पडशील, बाटली फुटेल, मग आजीला काय उरणार? लांडग्याबद्दल चकार शब्द नाही. तरी शेवटी पोरगी मनाशी म्हणते, आईनं नको म्हटल्यावर पुन्हा कधी रस्ता सोडायची नाही. धोका कुणी सांगितलाच नव्हता, कान मात्र पोरीनं पकडले. हे विशीतल्या पोरापोरींना नाही शिकवायचं तर कुणाला?

लातूर_पॅटर्न:

सर, राग मानू नका. मी पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायलोय, त्यामुळं माझं गणित साधं आहे. उद्या मुलाखतीत पॅनेलनं विचारलं, पदवीला काय शिकलास, तर काय, "लांडगा" सांगू? इकडं सोयाबीनला भाव नाही, मेसचं बिल थकलंय, आणि आम्ही फ्रान्समधल्या पोरीनं दोर कोणत्या झाडाला बांधला ते पाठ करायचं. ज्याचं पोट भरलंय त्याचे उद्योग आहेत हे.

गोदाकाठ (नांदेड):

लातूरवाल्या भावाशी अर्धा सहमत. अर्धा, कारण गोष्ट शिकवू नका असं मी म्हणणार नाही. पण पेरो कशाला? घरात भोपळा असताना?

माझी आजी "चल रे भोपळ्या" भाकरी थापता थापता सांगायची. "टुणुक टुणुक" आलं की हातातली भाकर परातीत दोनदा आपटायची. पीठ उडायचं आणि आम्हाला भोपळा उडताना दिसायचा. वाघ आडवा आला की तिचा हात थांबायचा, आमचा श्वासही. भाकर तव्यावर पडली की म्हातारी घरी पोचलेली असायची. तिनं गोष्ट भाकरीच्या मापानं बेतलेली होती. घाई असली तर कोल्हा गाळायची, जास्तीची पाहुणेमंडळी असली तर रस्त्यात अस्वलसुद्धा भेटायचं. सर, तुम्हाला माध्यम शिकवायचंय ना? परात हे माध्यम नाही का?

आणि तुमचा लाडका प्रश्न, वाचवतं कोण, त्याला इथं जास्त झणझणीत उत्तर आहे. म्हातारी हाडकुळी, एकटी, जंगल तेच. पण ती वाघाला तोंडावर सांगते: लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा मला. वाघाची भूक तीच आणि म्हातारीची सुटकाही तीच. येताना भोपळ्यातून आवाज देते, "म्हातारी-बितारी मी काय जाणे." शिकारी लागत नाही, पिस्तूल लागत नाही. युरोपातल्या पोरीला जे सुचायला कार्टूनवाला यावा लागला ते आमच्या म्हातारीला निघतानाच सुचलेलं होतं.

आपल्या भागात डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या माणसानं उभं आयुष्य लोकसाहित्यात आणि भटक्या जमातींच्या परंपरांत घालवलं. २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण हारतुरे दिले. पण वर्गात कोण? पेरो आणि ग्रिम. त्यांची गोष्ट "अभिजात", आमची "आजीची गोष्ट".

तुळजाई:

+१ गोदाकाठ. परातीचं वाचून भूक लागली.

बालाघाटी:

गोदाकाठ, भोपळा पेपरात आहेच, मुद्दाम आधी सांगितलं नाही इतकंच. पण एकटा भोपळा घेऊन हा पेपर उभा राहत नाही. लाल टोपीवालीच्या प्रत्येक रूपाला तारीख आहे, छापणारा आहे, गिऱ्हाईक कोण होतं ते माहीत आहे. १६९७ चा वाचक आणि १९४३ चा प्रेक्षक शेजारी बसवता येतात. बदल कुठं झाला त्यावर बोट ठेवता येतं. भोपळ्याचं तसं नाही. तुमच्या आजीनं अस्वल घातलं ते आज तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. तुलनेला भोपळ्याची दुसरी रूपं आहेत, उदाहरणार्थ बंगालीत. तिकडं उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या संग्रहात म्हातारी नातीकडून येताना दुधीच्या खोळीत बसते, कोल्हा तिला ओळखतो आणि तिचे पाळलेले कुत्रे तिला सोडवतात. पुन्हा तोच प्रश्न, वाचवतं कोण! पण मराठवाड्यात ही गोष्ट कोणत्या गावात कशी सांगतात, याच्या नोंदी पोरांच्या हातात ठेवायला मला तरी पुरेशा मिळाल्या नाहीत. ज्या गोष्टीचे टप्पे दिसतात तिच्यावर हात बसवायचा, मग त्याच हातानं घरची उचलायची, असा बेत आहे.

लातूर_पॅटर्न, मुलाखतीत बेधडक "लांडगा" म्हणा. पुढचे पाच प्रश्न तरी तुमच्या अंगणातले येतील.

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर):

सरांचा प्रश्न चांगला, पुरावा मात्र लंगडा. स्पष्ट बोलते.

दोर बांधणारी हुशार मुलगी टिपली गेली १८८५ च्या आसपास, म्हणजे पेरोनंतर जवळपास दोन शतकांनी. ती पेरोच्या आधीपासून लोकांत होती असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि तसं असेलही. पण कागद नंतरचा आहे. त्यामुळं "आधी लोकांची पोरगी हुशार होती, मग दरबारी लेखकानं तिला मारलं, मग जर्मन मध्यमवर्गानं तिला शिकाऱ्याच्या ताब्यात दिलं" ही साखळी वर्गात टाळ्या घेते, पण सिद्ध होत नाही. पोरांना साखळीच आवडते, कारण ती परीक्षेत लिहायला सोपी.

उलटं उदाहरण देते. अकराव्या शतकात लिएजच्या एग्बर्ट नावाच्या धर्मगुरूनं लॅटिन पद्यात एक हकीकत लिहिली. पाच वर्षांची मुलगी, बाप्तिस्म्याला मिळालेला लाल अंगरखा, लांडगा तिला उचलून नेतो, पण पिल्लं तिला फाडत नाहीत, डोकं चाटत बसतात. तिथं वाचवणारा देव. ही आपलीच गोष्ट की फक्त लाल कपडा आणि लांडगा योगायोगानं एकत्र आले? यावर अजून वाद आहेत. मग तुमच्या तक्त्यात हिला कुठं बसवणार?

अर्थ काढणाऱ्यांचीही गंमत ऐका. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमनं १९५१ ला लिहिलं की लाल टोपी म्हणजे मासिक पाळीची खूण. १९८४ ला इतिहासकार रॉबर्ट डार्नटननं त्याची रेवडी उडवली: अहो, शेतकऱ्यांच्या तोंडच्या गोष्टीत टोपीच नाही, तुम्ही लावलेला अर्थ कुणाच्या गोष्टीचा? ग्रिमची गोष्ट "जर्मन मातीतली" म्हणून मिरवली जाते, ती त्यांना सांगितली हासेनफ्लुग बहिणींनी, आणि त्या घराण्याची मुळं फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट निर्वासितांत होती. शेवटी लांडग्याच्या पोटात दगड भरतात तो प्रसंगही त्याच संग्रहातल्या लांडगा आणि सात करडांच्या गोष्टीत आहे.

शेवटचं. २०१३ ला डरहॅम विद्यापीठाच्या जमशिद तेहरानी यांनी जगभरातली ५८ रूपं घेऊन, जीवशास्त्रात प्राण्यांची वंशावळ काढतात त्या रीतीनं या गोष्टींची वंशावळ मांडली. लाल टोपीवाली आणि सात करडं या दोन वेगळ्या शाखा निघाल्या, आफ्रिकेतल्या बऱ्याच गोष्टी करडांच्या बाजूला गेल्या आणि पूर्व आशियातल्या दोन्हींच्या मिसळीतून झालेल्या दिसल्या. अभ्यास करायचा तर असा करा. "वाचवतं कोण" हा प्रश्न वक्तृत्व स्पर्धेचा आहे.

बालाघाटी:

तेहरानींची वंशावळ वापरणारच. पण वंशावळीतून "कोण कुणाचं" ते कळतं, "का बदललं" ते कळत नाही. आणि साखळी मी लावली नाही, तुम्ही लावून दिलीत. माझ्याकडं फक्त तीन गोष्टी आणि त्यांची तीन उत्तरं आहेत. एग्बर्टचा देव आला तर चार. तक्त्यात जागा आहे.

परभणीचा_रेडिओ:

तुम्ही सगळे नुसता अर्थ काढायलाव. सरांनी सुरुवातीलाच माध्यमांचं काढलं आणि त्यावर बोलला तो एकटा परातवाला! बाकी अंबाजोगाईत बसून माध्यमाची चर्चा करायची आणि दासोपंतांची पासोडी विसरायची, हेही नवलच. कागद सोडून भल्यामोठ्या कापडावर वेदान्तातलं पंचीकरण लिहिणारा माणूस तुमच्याच गावचा.

माध्यम बघायचं असेल तर अँजेला कार्टर घ्या, बाकी सगळं नंतर. या इंग्लिश बाईनं लांडग्यांवरची ही गोष्ट १९७९ च्या कथासंग्रहात लिहिली, १९८० ला बीबीसीसाठी तिचं रेडिओनाट्य केलं आणि १९८४ ला नील जॉर्डन या दिग्दर्शकासोबत सिनेमा लिहिला. बाई तीच, गोष्ट तीच, माध्यमं तीन. असा नमुना हुडकून सापडत नाही.

आणि तिन्हींत काय होतं ते तपासा. कथेत शेवटी मुलगी लांडग्याला घाबरत नाही, हसते, आणि आजीच्याच बिछान्यात त्याच्या पंजांत शांत झोपते. सिनेमात ती स्वतः लांडगी होऊन कळपाबरोबर जाते, आणि वर जी मुलगी हे सगळं स्वप्नात बघत होती तिच्या घरात लांडगे खिडकी फोडून घुसतात, ती किंचाळते. कागदावर जे समाधान होतं त्याची पडद्यावर किंकाळी झाली. का? पडद्यावर माणसाच्या तोंडातून लांडग्याचं मुस्काट बाहेर येताना दाखवलंय, ते बघितल्यावर शांत झोप कुणाला पटणार? रेडिओवर मात्र तसलं काही दाखवता येत नाही. माणूस लांडगा होतो तो फक्त श्वास आणि आवाजात. मी आकाशवाणीची नाटकं ऐकत वाढलोय. दाराची कडी वाजली की भीती दिसण्याआधी कानात शिरते. हा फरक पोरांनी कान देऊन ओळखला पाहिजे. कोण वाचवतं, कोण मारतं हे आपोआप कळंल.

मेंढका (हिंगोली):

आमच्या घरात मेंढरं आहेत, बापजाद्यापासून. लांडग्यानं कोकरू उचललेलं डोळ्यानं पाहिलंय, तेव्हा त्याचे लाड म्हणून बोलत नाही. पण लांडगा असा वागत नाही हो. तो पहाटे वाड्याच्या कडंनं येतो, कुत्रं भुंकलं की सरकतो, वारा बघतो, कोकरू धरतो आणि माळ ओलांडून जातो. आजीची टोपी घालून खाटंवर पडत नाही. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीचं पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, पण त्याचं माळरान नांगराखाली आणि सोलारच्या प्लेटाखाली चाललंय त्याचं कुणाला काही नाही. ह्या गोष्टीनं जगभर त्याला बदनाम केलं. शिकवायचंच तर हेही शिकवा सर, की गोष्टीतला लांडगा म्हणजे माणूस आहे. खराखुरा लांडगा त्यात कुठंच नाही.

लातूर_पॅटर्न:

२०२४ ला उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लेकरं नेली, पेपरात दिवसेंदिवस बातम्या होत्या. आणि २०२० च्या शेवटाला बीडमधल्या आष्टीच्या बाजूला नरभक्षक बिबट्या फिरत होता तेव्हा लोक संध्याकाळी शेतात जाईनात. भीती काय गोष्टीतनं येत नाही नुसती.

मेंढका (हिंगोली):

भीती खरी आहे भाऊ. मी म्हणलो टोपी खोटी आहे.

शाळाबाई (पाटोदा, बीड):

एवढा वेळ वाचत होते. आता लिहिते, जरा लांबेल.

मी डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही लेकरं बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात, बाकीची आजीपाशी. चौथीच्या वर्गाला ही लाल टोपीची गोष्ट सांगितली. लांडगा यायच्या आधीच एकानं विचारलं, "मॅडम, आजी एकटी का राहती?" दुसरीनं माझ्या आधी उत्तर दिलं, "तिचं पोरगं अन् सून तोडीला गेले असतील." तिसरा म्हणाला, "मग तिनं गोळ्या संपल्या तर कुणाला सांगायचं?" तास संपेपर्यंत आम्ही जंगलात पोचलोच नाही.

आता सरांच्या प्रश्नाला माझा विरोध. "मुलगी स्वतःच स्वतःला वाचवते" हे रूप तुम्हाला सगळ्यांत पुढारलेलं वाटतं हे न सांगता कळतं. दोर झाडाला बांधला, टाळ्या. पिस्तूल काढलं, टाळ्या. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी तेरा-चौदाच्या होतात, आईबाप सहा-सहा महिने नसतात, आजीला रातीचं दिसत नाही. अशा पोरीला मी काय सांगू, तू हुशार हो, तुझी तू निसट? आणि नाही निसटता आलं तर? मग गाव म्हणतंच, पोरीनं अक्कल वापरायला पाहिजे होती. सर, दोष पुन्हा फिरून पोरीकडंच आला की. जबाबदाऱ्या झटकायला ही गोष्ट लई सोयीची आहे.

म्हणून मला शिकारी पाहिजे. हसा खुशाल. पण ग्रिमची गोष्ट नीट वाचा. तो काही घोड्यावरून तलवार घेऊन येत नाही. घराजवळून चाललेला असतो, आतून घोरणं ऐकू येतं. त्याच्या मनात येतं, म्हातारी एवढी घोरते कशी, बघावं तरी हिला काही होतंय का. आणि तो आत जातो. बंदूक रोखतो, मग थांबतो, पोटात म्हातारी असंल तर मरेल, म्हणून बंदूक खाली ठेवून कात्री घेतो. येणाजाणारा माणूस आवाज ऐकून आत डोकावतो, एवढंच त्याचं शौर्य. आमच्या गावात मला हाच माणूस पाहिजे. आशाताई, शेजारीण, पोलीस पाटील. पोरीचं लग्न गुपचूप उरकायची बैठक बसलीय हे अर्ध्या गल्लीला ऐकू येतं. ग्रामसेवक कायद्यानं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, लेकरांच्या मदतीचा १०९८ नंबर भिंतीवर रंगवलेला आहे. घोरणं सगळ्यांना ऐकू येतं हो. आत कुणी जात नाही.

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर):

शाळाबाई, हे वाचन मी आजवर कुठं वाचलेलं नाही. वक्तृत्व स्पर्धेचा प्रश्न म्हटलं होतं मी. तुम्ही तो पाटोद्याला नेऊन बसवलात.

बालाघाटी:

ताई, तुमचा शिकारी मान्य, पण त्याला एवढा सोज्ज्वळ करू नका. आत गेल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय आहे? "इथं सापडलास होय पाप्या, कधीचा शोधतोय तुला." म्हणजे तो लांडग्याच्या मागावर होताच. आणि शेवटी लांडग्याचं कातडं सोलून घरी घेऊन जातो. आजीला केक आणि दारू, पोरीला शहाणपण, त्याला कातडं. वाचवणाऱ्याचाही काही हिशोब असतो, आणि तो पोरांना दिसला पाहिजे. गावात आत डोकावणाऱ्यांतही कातड्यासाठी येणारे असतातच, फोटो काढून जाणारे.

शाळाबाई (पाटोदा, बीड):

नेऊ द्या कातडं. आला ना आत? फोटो काढणारा का होईना, पोरगी तर बाहेर निघाली. कातड्याचा हिशोब मागून करू.

परभणीचा_रेडिओ:

हे खरं. आणि घोरणं हा ऐकायचा पुरावा आहे, बघायचा नाही, एवढं नोंदवा.

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर):

या भांडणात एक पान सगळेच विसरताहेत. ग्रिमची गोष्ट शिकाऱ्यापाशी संपत नाही. त्याच पानावर पुढं "असंही सांगतात" म्हणून दुसरी हकीकत आहे. पुन्हा एकदा पोरगी आजीकडं निघते, दुसरा लांडगा भेटतो. ती रस्ता सोडत नाही, तडक आजीकडं जाते आणि सांगते, लांडगा भेटला, त्याची नजर बरी नव्हती. दोघी दार लावून घेतात. तो दार ठोठावतो, या गप्प. मग तो छपरावर चढून बसतो, संध्याकाळी पोरगी घरी निघेल तेव्हा अंधारात धरू म्हणून. आजीच्या ते लक्षात येतं. दारापुढं मोठी दगडी डोण असते. आजी म्हणते, काल सॉसेज उकडले त्याचं पाणी आहे, ते ओत डोणीत. पोरगी बादल्या वाहते. वास वर जातो, लांडगा नाक पुढं करतो, मान लांब करतो, घसरतो आणि डोणीत पडून बुडून मरतो. पोरगी आनंदानं घरी जाते.

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतून हे बहुधा गाळलेलं असतं. गुस्ताव दोरेचं चित्र मात्र सगळ्यांना आठवतं: बिछान्यात टोपी घातलेला लांडगा, शेजारी पांघरूण छातीशी धरून त्याच्याकडं बघणारी पोरगी. चित्रात एक क्षण मावतो, म्हणून भीतीचा क्षण टिकला. बादल्या वाहायला वेळ लागतो. आता सांगा, इथं वाचवतं कोण? पोरगी एकटी नाही, शिकारी तर नाहीच.

शाळाबाई (पाटोदा, बीड):

पोरीनं सांगितलं आणि आजीनं खरं मानलं. तिथंच निम्मं काम झालं. ही गोष्ट मला छापून पाठवा कुणीतरी, सोमवारी वर्गात घेते. सॉसेजच्या जागी बोंबील चालतील का?

गोदाकाठ (नांदेड):

बोंबलाचा वास नांदेडपर्यंत येईल, लांडगा काय चीज! पण ही आजी सरळ सरळ भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोतातली आहे, लांडग्याच्या भुकेलाच गळ लावते. सर, आता माझी मागणी ऐका. पेपराचे अर्धे गुण घरच्या गोष्टीला. प्रत्येक पोरानं आपल्या गावातून भोपळ्याचं एक रूप ऐकून आणायचं, आजीच्या बोलीत, पुस्तकी मराठी न करता.

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर):

आणि सांगणाऱ्या बाईचं गाव, वय, माहेर कुठलं, गोष्ट कुणाकडून ऐकली, हे सगळं सोबत लिहायचं. माहेर महत्त्वाचं. गोष्टी लग्नाबरोबर गाव बदलतात. नाहीतर "आजीनं सांगितली" एवढ्या जोरावर पन्नास भोपळे गोळा होतील आणि कामाचा एकही नसेल.

परभणीचा_रेडिओ:

आणि आवाज टिपायचा. लिहून आणलं की टुणुक मेलं. फोन परातीजवळ ठेवा.

बालाघाटी:

अर्धे नाही, चाळीस टक्के. बाकी अटी मंजूर.

लातूर_पॅटर्न:

सर, आमच्या आजीच्या गोष्टीत वाघ भोपळा फोडतो आणि म्हातारीला खातो. हे चालंल का चाळीस टक्क्यात?

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर):

पळेल! पण आजीला आधी विचारून घ्या, शेवट पहिल्यापासून असाच होता की तुम्ही झोपत नव्हता म्हणून बदलला.

लातूर_पॅटर्न:

विचारलं आत्ता फोन लावून. म्हणती, "तुझ्या भावाला घरी पोचणारी सांगायचे. तू लई प्रश्न विचारायचास."